बंब बघण्याचा कार्यक्रम

दिवाळी होऊन आठवडा झाला नाही तोच दीपालीने मोबाइलवर नवं स्टेटस टाकलं आणि वरच्या मजल्यावर मनिषाचा सकाळचा चहा कडू झाला. फोटोत लोणच्याची एक जुनी चिनी मातीची बरणी होती. बरणीच्या पोटात दिवा, डोक्यावर गोणपाटाची टोपी आणि मागे आरे-वाऱ्याचा समुद्र. खाली लिहिलं होतं, 'आपली बरणी पोचली रिसॉर्टला!'

मनिषाने फोटो दोन बोटांनी मोठा केला. "तोंडाला चीर गेल्येय बरणीच्या. ही बघा. टोपीखाली लपवलीन."

"छान दिसतेय की," नवरा म्हणाला. लग्नाला चौदा वर्षं होऊनही संदेशला कुठे बोलावं आणि कुठे गप्प बसावं हे कळलेलं नव्हतं. त्या दिवशी त्याला डब्यात लोणचं मिळालं नाही.

मनिषाचं दुखणं बरणीचं नव्हतंच. रत्नागिरीतल्या धनावड्यांच्या घरात जुन्या वस्तूंचा नाद आणला तो तिने. भंगारवाल्याच्या ढिगात हात घालून कंदील, कुलपं, अडकित्ते शोधायचे, त्यांचे दिवे नाहीतर कुंड्या करायच्या आणि विकायच्या, हे सगळं तिने सुरू केलं. दीपाली तिची धाकटी जाऊ. पहिली दोन वर्षं ती नुसती पिशवी धरायला मागे यायची आणि "वैनी, हे गंजलेलं कोण घेणार हो?" म्हणून नाक मुरडायची. आता तीच दीपाली खालच्या मजल्यावर बसून रिसॉर्टच्या ऑर्डरी घेत होती. मनिषाकडून गेल्या तीन महिन्यांत एकच कंदील बाहेर पडला होता, आणि तोही भाचीच्या लग्नात आहेर म्हणून.

त्यात भर पडली बंबाची. त्या रिसॉर्टवाल्याला दारात ठेवायला पाणी तापवायचा जुना पितळी बंब हवा होता. नवा पॉलिश केलेला नको, घरात वापरलेला, धुराने काळा पडलेला हवा. त्याने दोघी जावांना सांगून ठेवलं होतं की जी आधी बंब आणील तिला नव्या बारा खोल्या सजवायचं काम. बारा खोल्या! मनिषाला त्या झोपेतसुद्धा दिसायच्या, आणि प्रत्येक खोलीतून दीपाली हसत बाहेर यायची.

शुक्रवारी दुपारी मनिषा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. खाली दीपाली फोनवर बोलत होती. समोरचा माणूस जे सांगेल ते मोठ्याने परत म्हणायची तिला सवय.

"हातखंब्याच्या पुढे आत... शाळेच्या वरच्या अंगाला... गोरिवल्यांचं घर. हो हो, तुळसाकाकू. रविवारी दुपारी तीनला येते. तवर तो बंब कुणाला दाखवू नका हां."

मनिषाच्या हातातला सदरा खाली पडला. तो आणायलाही ती गेली नाही.

रविवारी सकाळी आठला ती तयार होती. जुन्या वस्तू मिळवायची तिची एक रीत होती. कुणाच्या माळ्यावर चढायचं तर आधी त्या घरच्या बाईची ओटी भरायची. म्हणून पिशवीत नारळ, तांदूळ, ब्लाऊजपीस आणि पावशेर पेढे. अंगावर काठपदराची साडी, कारण ड्रेस घालून गेलेल्या बाईला लोक पडवीच्या आत घेत नाहीत. बंब आणायला धाकटा दीर रूपेश आणि त्याचा टेम्पो. दुपारी मित्राकडे वास्तुशांत होती म्हणून रूपेशने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि दाढीही केली होती. तेहेतीस वर्षांचा, सरळ, कष्टाळू मुलगा. पण सगळ्या मुलींच्या बापांना जावई मुंबईचाच पाहिजे, त्यामुळे त्याचं लग्न अडलं होतं.

साडेनऊला टेम्पो गोरिवल्यांच्या दारात थांबला. अंगणात रांगोळी होती. घरधनी रामा गोरिवले धोतर सावरत पुढे आला.

"येवा, येवा! लवकर आलाव. वाट बरी गावली ना?"

मनिषाला बरं वाटलं. आतल्या गावातली माणसं किती अगत्याची, असं तिने रूपेशला हळूच सांगितलंसुद्धा. रामाने तिच्या हातातला नारळ बघितला, पेढे बघितले, पांढऱ्या शर्टातला रूपेश बघितला आणि आत वळून हाक मारली, "तुळसा, पावनी आली गो!"

दोघं खुर्च्यांवर बसली. बसल्या जागेवरून मागचं दार दिसत होतं आणि दारापलीकडे, विहिरीच्या कट्ट्याशी, तो होता. गुडघ्याच्या वरपर्यंत उंच, गोल पोटाचा, तीन पायांवर उभा, नळाला मोराचं तोंड. मनिषा खुर्चीतून अर्धी उठली. पण शेजारची एक बाई चिंच घेऊन त्याला खसाखसा घासत होती. अर्धा बंब काळा राहिला होता, अर्धा आरशासारखा लखलखत होता.

"अहो, घासू नका!" मनिषा किंचाळलीच.

"ऱ्हावद्या हो," तुळसाकाकू पाण्याचे तांबे घेऊन आल्या. "पावन्यांसमोर काळी भांडी कशी ठेवायची? मालो सगला खाली काढलाय आज."

इतक्यात रामाने रूपेशला विचारलं, "मुंबैला कुठं ऱ्हाता तुमी?"

"मुंबईत नाय. रत्नागिरीतच. टेम्पो हाय माझा."

"पन आत्माराम तर बोल्ला, मुंबैला नोकरी हाय."

आत्माराम कोण, हे विचारायला मनिषाने तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. आतून एक मुलगी चहा-कांदेपोह्यांचा ट्रे घेऊन आली. डोक्यात अबोलीचा वळेसर, नजर खाली. तिने पहिली ताटली रूपेशपुढे धरली.

"ही आमची मनस्वी," रामा म्हणाला.

आपल्याला मुलाकडची माणसं समजलेत, हे मनिषाच्या आत्ता लक्षात आलं. खरं सांगून मोकळं व्हायचं, हे तिलाही कळत होतं. पण खरं सांगितलं की ही माणसं हाकलून देणार आणि दुपारी तीनला दीपाली येऊन बंब घेऊन जाणार. मग त्या बारा खोल्या. मनिषाने पोह्यांचा घास घेतला.

"वैनी," रूपेश कुजबुजला, "ही लोकं मला बघतायत."

"बघूदे. बघून काय झिजणारायस तू?"

हळूहळू गोष्ट बंबावर न्यावी, बंब टेम्पोत चढवावा आणि मग 'घरी जाऊन कळवतो' म्हणून निघावं, असं तिने ठरवलं. बेत तसा वाईट नव्हता. पण तिकडे रत्नागिरीत दीपालीच्या लक्षात आलं होतं, की वैनींची काठपदराची साडी आणि रूपेशचा टेम्पो घरातून एकदमच गेलेत. साडेदहाला तिची स्कूटर गोरिवल्यांच्या अंगणात येऊन थांबली.

दीपालीने दारातून आत पाहिलं. पोहे, पेढे, इस्त्रीच्या शर्टातला दीर आणि वरमाईसारखी बसलेली मनिषा. एका बंबासाठी वैनींनी दिराचं लग्न काढलं, असं तिला वाटलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याला हे सुचलं कसं नाही! "तुळसाकाकू आहेत ना?" तिने दारातूनच विचारलं.

"अगो, तू तर फोनवरची बंबवाली," तुळसाकाकू म्हणाल्या. "तुला दुपारची येयाला सांगितलंवतं ना?"

"तीच मी," दीपाली चप्पल काढून आत आली. "आणि मुलाची धाकटी वैनी पण."

"मंग परवा बोललीस नाय ती?"

"सरप्राइज, काकू!"

ती मनिषाच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींकडे बघून गोड हसल्या. आता ज्या वैनीवर हे घर खूश होईल तिचा बंब, हे दोघींनाही न सांगता कळलं होतं.

"आमचा रूपेश सुपारीचं खांडसुद्धा तोंडात घालत नाय," मनिषाने सुरुवात केली.

"भाकऱ्या करतो," दीपाली म्हणाली. "गोल."

"मला डेंगू झाला तेव्हा आठ दिवस धुणं ह्याने धुतलं."

"माझ्या धाकट्याला रात्रभर खांद्यावर घेऊन फिरायचा. वैनी तेव्हा झोपलेल्या असायच्या."

"शेजाऱ्यांचा पंपसुद्धा फुकट दुरुस्त करून देतो!"

"देतो नि वर चहासुद्धा घेत नाय!"

रूपेश मान खाली घालून ऐकत होता. इतकी वर्षं ह्या दोघींनी त्याला 'हे उचल' आणि 'ते ठेव' याशिवाय काही म्हटलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले. आणि गंमत म्हणजे, त्या सांगत होत्या त्यातलं बहुतेक सगळं खरं होतं. दाराआड उभी राहिलेली मनस्वी कान देऊन ऐकत होती.

तेवढ्यात रामाचा फोन वाजला. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर. "रामाभाव, मी आत्माराम," फोन ओरडला. "ती मुंबैची मानसा येत नायत! पोराने तिकडंच कोन तरी बघलान. माफी करा!"

रामाने फोनकडे बघितलं, मग खुर्च्यांकडे.

"मंग ही कोन बसलीत माज्या घरात?"

मनिषाने दीपालीकडे बघितलं. दीपालीने छताकडे बघितलं. शेवटी रूपेश उठला आणि त्याने हात जोडले.

"काका, खोटं नाय बोलत. आम्ही बंब बघायला आलो होतो. चूक झाली. पोहे मात्र फार चांगले होते."

रामाचा चेहरा तांबडालाल झाला. तो आता कोपऱ्यातली काठी घेणार, इतक्यात मनस्वी बाहेर आली.

"बाबा, मला पयल्यापासून म्हायती होतं. त्या मुंबईवाल्याचा फोटो हाय माझ्याकडं. ह्यो तो नाय."

"मंग बोललीस का नाय गो?"

"त्या मुंबईवाल्याने फोनवर पयलंच विचारलंन, माळ्यावरचं भंगार कधी टाकणार." मनस्वीने रूपेशकडे एकवार पाहिलं. "ह्याने आपली ताटली आपण उचलून आत आणलीन. म्हटलं, बघूया तरी."

रामा बायकोकडे बघत राहिला. तुळसाकाकूंनी आत जाऊन परत चहा टाकला. त्या घरात चहा दुसऱ्यांदा टाकला म्हणजे काय समजायचं, हे रामाला ठाऊक होतं. तो खाली बसला.

निघताना मनिषाने न राहवून विचारलंच, "पण बंबाचं काय?"

"तो माझा हाय," मनस्वी म्हणाली. "विकायचा नाय. मी जाईन तिथं तो येईल."

त्यानंतरच्या महिन्याभरात धनावड्यांच्या घरात दोघी जावा जेवढ्या राबल्या तेवढी खुद्द सासूही कधी राबली नसेल. बंब आपल्याच घरात येणार होता. फक्त नवी जाऊ कुणाच्या बाजूची होते, एवढंच बघायचं होतं. मनिषाने तिला आपली पैठणी दिली. दीपालीने आपलं कपाट दिलं. मार्गशीर्षात लग्न झालं आणि वरातीमागून रूपेशच्या टेम्पोतून बंब आला, झेंडूची माळ घालून.

चार दिवसांनी रिसॉर्टवाला बंब बघायला आला. मनस्वीने बंब दिला नाहीच. पण माहेराहून आणलेली मापटी, पानाचे डबे, समया त्याच्यापुढे मांडल्या आणि कुठली वस्तू कुणाच्या घरातली, ती कधी वापरात निघायची, हे असं रंगवून सांगितलं की तो दोन तास हलला नाही. वस्तू विकणार नाय, भाड्याने देईन, असं ती म्हणाली. तो लगेच हो म्हणाला. बाराच्या बारा खोल्या तिलाच मिळाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे चांगलीच थंडी होती. दीपाली जिना चढून वर आली. कित्येक महिन्यांत ती वर आली नव्हती. मनिषाने न विचारता तिच्यापुढे चहा ठेवला.

"वैनी, हे बरं नाय झालं," दीपाली म्हणाली.

"काल आली नि आज मालकीण झाली," मनिषा म्हणाली. "आपण दोघींनी मिळून काय तरी करायला पायजे."

"मिळूनच," दीपाली म्हणाली. "आजपासून आपल्यात काय नाय, वैनी. तुम्ही सांगाल तसं."

मनिषाने तिचा हात हातात घेतला. मागच्या अंगणातून धुराचा वास येत होता. नव्या सुनेने बंब पेटवला होता.

"वैनी!" खालून रूपेशची हाक आली. "बंबातलं पाणी तापलंय. मनस्वी विचारत्येय, आधी कोण अंघोळीला येताय?"

मनिषा हात सोडून दोरीवरचा टॉवेल काढायला उठली. वळून बघते तो दीपाली अर्धा जिना उतरलेली होती.