पॅड सोबत आणावे

हडपसरला खोली शोधत फिरत होतो तेव्हा एका तीन मजली इमारतीच्या फाटकावर पाटी दिसली : ‘खोली भाड्याने देणे आहे. इंग्रजीची परीक्षा रविवारी सकाळी दहा वाजता. पॅड सोबत आणावे.’

मला वाटलं, कुणीतरी चेष्टा केली असेल. आत जाऊन विचारलं. बनियन घातलेले एक गृहस्थ कांदे वाळत घालत होते. त्यांनी वर न बघता सांगितलं की निळं पेन चालेल, काळं चालेल, मोबाइल चालणार नाही.

हे तात्या. जिथे आता इमारत उभी आहे तिथे त्यांचा उसाचा फड होता. मॅट्रिकला ते इंग्रजीत तीनदा नापास झाले. चौथ्यांदा फॉर्म भरला नाही, पण व्याकरणाचं पुस्तक सोडलं नाही. उसाला पाणी धरताना त्यांनी ते सगळं पाठ केलं. त्यामुळे झालं असं, की तात्यांना इंग्रजीतली कुठलीही चूक दिसते, पण एक वाक्य बोलता येत नाही. कुरिअरवाला ‘सर, साइन प्लीज’ म्हणाला की ते मराठीत विचारतात, “कुठं करू?”

रविवारी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत आम्ही तिघं उमेदवार बसलो. तात्यांनी ताटलीवर चमचा मारून घंटा दिली. प्रश्नपत्रिका झेरॉक्स होती, आणि घरमालकाच्या सगळ्या तक्रारी तिच्यात बसवल्या होत्या. ‘भाडेकरूने नळ बंद केलेला नाही’ या अर्थाच्या वाक्याचा प्रयोग बदला. ‘चपला जिन्यात ठेवू नका, असे मालक म्हणाले’ हे अप्रत्यक्ष कथनात लिहा. शेवटी निबंध, दीडशे शब्द : ‘मला खोली का हवी आहे’.

एका एमबीए झालेल्या उमेदवाराने विचारलं की असलं सगळं आता ॲप लिहून देतं, मग हे कशाला? तात्यांनी शांतपणे सांगितलं की मग खोलीत ॲपलाच राहू दे. तो प्रयोग बदलायच्या प्रश्नालाच उठून गेला. दुसरा पोरगा चांगला होता, पण त्याने ‘ऑनेस्ट’च्या आधी ‘अ’ लावला. मी ‘ॲन’ लावला होता. अर्ध्या मार्काने मला खोली मिळाली. निकाल फाटकावर लागला, तो मी वाशिमला आईला फोटो काढून पाठवला. तिला वाटलं, मला प्रमोशन मिळालं.

तात्यांच्या बोलण्यात व्याकरणातला एकच इंग्रजी शब्द होता, आर्टिकल, म्हणजे तेच ‘अ’, ‘ॲन’, ‘द’, आणि तो ते सगळीकडे वापरायचे. आमटीत मीठ कमी पडलं की म्हणायचे, आर्टिकल राहिलं. पाण्याचा टँकर आला आणि पाइप आणायला विसरला, आर्टिकल राहिलं. भावकीतल्या एका लग्नात मुहूर्त टळून गेला तरी नवरदेव ट्रॅफिकमध्येच होता. मंडप हवालदिल. तात्या मात्र अक्षता मुठीत धरून शेजारच्याला समजावत होते की वाक्य तयार हाय, फकस्त आर्टिकल राहिलंय. मग त्यांनी लग्नपत्रिका काढली, तिच्यातल्या इंग्रजीच्या सात चुका दुरुस्त केल्या आणि ती मुलीच्या बापाला नेऊन दिली. भावकीतले काही लोक अजून त्यांच्याशी बोलत नाहीत.

तळमजल्यावर ते एकटेच राहायचे. काकू मी येण्याआधीच गेल्या होत्या. मुलगी बारामतीला दिलेली.

अकरा महिन्यांनी करार संपला की पुन्हा परीक्षा, हा नियम होता. माझी वेळ आली त्याच्या दोन महिने आधी आमच्या कंपनीने एका सकाळच्या कॉलवर आमची अख्खी टीम काढून टाकली. मी कुणालाच सांगितलं नाही. आईला म्हणायचो, काम फार आहे. रोज साडेआठला लॅपटॉपची बॅग घेऊन निघायचो. लॅपटॉप कंपनीने परत घेतला होता, बॅगेत नुसता डबा. बसने स्वारगेटला जायचं, स्टँडवरच्या बाकावर बसून मोबाइलवरून अर्ज करायचे, संध्याकाळी परत. जिन्यात तात्या भेटले की मी उगाच दमल्यासारखं करायचो.

परीक्षेत निबंध आला, ‘माझी दिनचर्या’. मी लिहिलं, मी रोज नऊ वाजता ऑफिसला जातो. मी खूप काम करतो. माझ्या मॅनेजरला मी आवडतो.

संध्याकाळी तात्यांनी पेपर दाखवायला खाली बोलावलं. व्याकरणात पैकीच्या पैकी. निबंधात मात्र ‘मी ऑफिसला जातो’ यातल्या ‘गो’भोवती लाल गोल होता.

“हितं काळ चुकला,” तात्या म्हणाले.

मी वाद घातला. रोजची सवय आहे, साधा वर्तमानकाळच येतो.

“नियम बराबर हाय,” ते म्हणाले. “वाक्य चुकलंय.”

आणि त्यांनी लाल पेनने ‘गो’च्या आधी बारीक अक्षरात दोन शब्द लिहिले : ‘यूज्ड टू’. पूर्वी जायचो.

मग त्यांनीच सांगितलं. बारामतीची गाडी पकडायला ते स्वारगेटला गेले होते, तेव्हा मी बाकावर बसून सकाळी दहा वाजता डबा खाताना दिसलो. पुढच्या आठवड्यात ते मुद्दाम बघायला आले. मी त्याच बाकावर होतो.

मी विचारलं, खोली कधी सोडू?

“पास झालाईस की. सोडतो कशाला?”

मग ते दाराकडे तोंड करून बोलू लागले. “मी तिसऱ्यांदा नापास झालो तवा घरी सांगितलंच नाय. कॉलेजात नाव घातलं म्हणालो. म्हैनाभर वह्या घेऊन निघायचो आन कालव्यावर बसायचो. बापाला पयल्या दिवशीच कळलं व्हतं. त्यो मेल्यावर आईनं सांगितलं मला. बोलला असता तर लई बरं झालं असतं. ऊन लई असायचं तिथं.”

पुढे तीन महिन्यांनी मला नोकरी लागली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

त्या संध्याकाळी तात्यांनी लाल पेनला टोपण लावलं आणि माझा मोबाइल माझ्यापुढे सरकवला. आईला आत्ताच सांग, म्हणाले. जेवून जा, दोघांचा भात टाकतो. ते आत गेले.

मी नंबर लावला. आईने उचलला आणि नेहमीसारखं विचारलं, जेवलास का. मी सांगायला सुरुवात केली. आत तात्या स्वच्छ घासलेली भांडी पुन्हा घासत होते, मोठ्ठा आवाज करून, म्हणजे मला मोकळं बोलता यावं.