बांगड्या नाय

नाना खैरनारांनी सुतळीचं एक टोक माझ्या नाकाला टेकवलं, तेव्हा आमची ओळख होऊन जेमतेम दहा मिनिटं झाली होती. दुसरं टोक त्यांच्या बायकोने, काकूंनी, डाव्या स्पीकरवर धरलं होतं. मग तीच सुतळी उजव्या स्पीकरपासून लावून बघितली, मला खुर्चीसकट चार बोटं सरकवलं आणि नाना म्हणाले, "आता हलू नका, भाऊसाहेब. दोन्हीकडचा आवाज बरोबर नाकावर भेटला पाहिजे."

मी हललो नाही. मी एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून होतो. साहेब जिकडे मान हलवतील तिकडे आपली हलवायची, एवढ्या एका गुणावर माझी नोकरी चालली होती. आपणहून हलायची सवयच नव्हती.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी सिडकोत राहायला आलो आणि नाना माझे भिंतीला भिंत लागून शेजारी झाले. मूळचे नामपूरचे. अंबडच्या एका कारखान्यात पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या मशीनवर होते. आठवडाभर ते ठोकाठोकी करत आणि रविवारी स्पीकर ऐकत. गरिबाला परवडेल असा, पण ऐकणाऱ्याने तोंडात बोट घालावं असा एक जोड त्यांना घ्यायचा होता. तो मिळेपर्यंत दुकानदारांकडून, मंडपवाल्यांकडून, कुणाच्या मेव्हण्याकडून ट्रायलला म्हणून स्पीकर आणायचे, ऐकायचे आणि सोमवारी परत करायचे.

स्पीकर पॅसिव्ह हवा, हा त्यांचा हट्ट. म्हणजे ज्याच्या पोटात ॲम्प्लिफायर नसतो, बाहेरून वायरी जोडाव्या लागतात, तो. "त्याला सोताचं डोकं नसतं, भाऊसाहेब. मागून जे येईल तेच पुढं बोलतो. लय प्रामाणिक." हे ऐकून मला उगीचच बरं वाटलं होतं.

परीक्षेची पद्धत ठरलेली. दोन जोड शेजारी शेजारी ठेवायचे. कुठला कुठला ते दिसू नये म्हणून वर काकूंचं जुनं लुगडं टाकायचं. मध्ये एक खटका. खटका दाबला की आवाज या जोडातून त्या जोडात. आणि कॅसेट कायम एकच. लग्नानंतरच्या पहिल्या श्रावणात, नामपूरला घरी कानबाई देवी बसली होती तेव्हा नानांनी कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणून ती भरली होती. काकू कानबाईचं गाणं म्हणतायत आणि टाळ्यांचा ठेका देतायत. त्या टाळीबरोबर हातातल्या काचेच्या बांगड्या वाजतात.

"ज्या स्पीकरात बांगड्या ऐकू येतील," नाना म्हणायचे, "तो आपला."

त्या पहिल्या रविवारी मला बांगड्या स्वच्छ ऐकू आल्या. मी तोंड उघडलं. पण नाना डोळे मिटून नकारार्थी मान हलवत होते. "बांगड्या नाय," ते म्हणाले. "तुमाला?"

आता एवढा जाणता माणूस नाही म्हणतोय म्हटल्यावर मला जे ऐकू आलं ते बांगड्या नसून दुसरंच काही असणार. मी म्हणालो, "नाहीत बहुतेक."

"वा! तुमाला कान हाय!" नानांनी माझ्या पाठीवर थाप मारली. माझ्या एखाद्या अवयवाची आयुष्यात कुणी पहिल्यांदाच स्तुती करत होतं. मी विरघळलो, आणि पुढची दहा वर्षं विरघळलेलाच राहिलो.

दर रविवारी मला बांगड्या ऐकू यायच्या आणि मी नाही म्हणायचो. हळूहळू माझी जीभही सैल झाली. "आवाज उंबऱ्यापर्यंत येतो, पण घरात येत नाही," असं मी एकदा ठोकून दिलं. त्याचा अर्थ मला आजही माहीत नाही. नानांनी ते वाक्य पाठ करून एम. जी. रोडवरच्या दुकानदाराला ऐकवलं. पुढे आम्ही दोघं पायरीवर दिसलो की तो माणूस जेवायला निघून जायचा, मग सकाळचे साडेदहा का वाजलेले असेनात.

काकू मात्र नानांच्या 'बांगड्या नाय'वर भडकायच्या. "जित्या नवऱ्याच्या घरात काय हो सारखं बांगड्या नाय, बांगड्या नाय! लोक काय म्हणतील?" असं बोलून चहाचा कप ठेवायच्या आणि नानांच्या खुर्चीच्या हातावर दोनदा टकटक करायच्या. मला वाटायचं, त्यांचा राग आहे तो.

मध्ये होम थिएटरची साथ आली. माझ्या मुलांनी हट्ट धरला आणि मी नानांना न विचारता पाच स्पीकर आणि एक मोठा डबा घरी आणला. नाना सुतळी घेऊन आले. पाच दिशांनी माझ्या नाकापर्यंत मोजता मोजता सुतळी संपली. मागचा एक स्पीकर देव्हाऱ्याशेजारी लावला होता. सिनेमातलं हेलिकॉप्टर तिथून उडालं आणि माझ्या आईने पोथी मिटून ठेवली.

"मागून आवाज कशाला पाहिजे, भाऊसाहेब?" नाना म्हणाले. "मागून बोलायला घरात बायको हाय की."

मी अर्थातच हो म्हणालो.

नाना रिटायर झाले त्या वर्षीची गोष्ट. रविवार होता. नवा जोड, तेच लुगडं, तीच कॅसेट. नाना डोळे मिटून बसले होते. काकूंच्या भाचीचं लग्न दोन दिवसांवर आलं होतं आणि त्यांनी कोपरापर्यंत हिरवा चुडा भरला होता. त्या चहा घेऊन आल्या, कप ठेवला, पण टकटक केली नाही. नानांच्या मागे उभ्या राहिल्या, हात त्यांच्या कानाशी नेला आणि जोरात हलवला. सगळा चुडा खळखळला. मी खुर्चीत दचकलो.

नानांची पापणीही हलली नाही.

काकूंनी पुन्हा हात हलवला. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "लय वर्षं झाली. बोललं की कळतं त्याहिला, पण हे बारीक नाय येत, म्हणून तर मी टकटक करते. त्या मशीनीनं खाल्लं. तुमाला तरी येतात ना, भाऊसाहेब?"

गाणं संपलं. नानांनी डोळे उघडले. "बांगड्या नाय. काय?"

माझी मान सवयीने हलायला निघाली होती. मी ती धरून ठेवली. "आहेत, नाना."

"ह्याच्यात?"

"ह्याच्यात. आणि आजवर आणलेल्या सगळ्या जोडांत. पहिल्या रविवारपासून आहेत."

नानांनी स्पीकरवरचं लुगडं ओढून काढलं. मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. माणूस दहा वर्षं चांगले स्पीकर परत करत होता, आणि ते माझ्या होकाराच्या भरवशावर.

"मंग नाय का म्हणायचे?"

"तुम्ही मान हलवायचात म्हणून."

मला वाटलं, आता नाना मला हाकलणार. पण ते म्हणाले, "मला शंका यायची. कारखान्यात सगळ्यांचेच कान जातात. पण तुमीबी नाय म्हणायचे. मंग वाटायचं, आपलं काय नाय, स्पीकरच खराब." ते थोडे हसले. "लय धीर होता तुमचा."

त्यांनी कॅसेट मागे फिरवली. सुतळी काढून माझ्या नाकाला लावली, खुर्ची सरकवली आणि समोर स्टूल घेऊन बसले. "आता खोटं नाय बोलायचं. बांगड्या वाजल्या की बोट वर करायचं."

काकू दारात उभ्या होत्या. गाणं सुरू झालं. एक बांगडी वाजली, मी बोट वर केलं. पुन्हा वाजली, पुन्हा केलं. नानांनी या वेळी डोळे मिटले नव्हते. ते माझ्या बोटाकडे बघत होते आणि त्यांची मान हळूहळू ठेका धरत होती. तिसऱ्या कडव्यात माझे डोळे भरून आले आणि बोट जरा रेंगाळलं.

"चुकलं," नाना म्हणाले. "इथं लागोपाठ दोनदा वाजतात, भाऊसाहेब. लक्ष कुठं हाय तुमचं?"

मी बोट दोनदा वर केलं.