तहानलेली कुंडी

विज्ञान मंडळाचे काका सोमवारी शाळा सुटल्यावर वर्गात आले आणि कुंडीत बोट घालून उभेच राहिले. माती ओली होती. जिच्यावर 'पाणी नाही' अशी चिठ्ठी होती आणि जिला आठवडाभर पाण्याचा थेंबही द्यायचा नव्हता, तीच कुंडी ओली आणि तिच्यातलं घेवड्याचं रोप टवटवीत. शेजारची 'रोज पाणी' अशी चिठ्ठी लावलेली कुंडी मात्र कोरडी ठणठणीत. तिच्यातल्या रोपानं मान टाकली होती.

खरं तर काका विज्ञानातले नव्हतेच. ते एका प्रयोगशाळेत हिशेब बघत. पण त्यांच्या लेकीनं, ठकीनं, "माझे बाबा प्रयोगशाळेत असतात," असं वर्गात ऐटीत सांगितलं आणि पुढचं वर्गानं आपल्या मनानं जुळवून घेतलं. शाळा सुटल्यावर मुलांकडून प्रयोग करून घ्यायला कुणीतरी पालक हवा होता. मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा ठकीनं बापाकडे असं काही पाहिलं, की काका 'नाही' म्हणायला गेले आणि 'हो' म्हणून बसले.

"पाणी न घातलेलं रोप वाढतंय गं!" काकांनी घरी बायकोला सांगितलं.

"मग आपल्या गॅलरीतली का मेली?" बायकोनं विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गाचं छत न्याहाळलं. गळती नव्हती. कुंडी खिडकीतून उचलून कपाटावर ठेवली, तर कपाटावरून पाणी ठिबकायला लागलं आणि कपाटासमोर कुणीतरी एक स्टूल आणून ठेवलेलं दिसलं. काकांनी ते उचलून जागेवर ठेवलं आणि पुन्हा छताकडे बघत बसले.

"मुलांनो, या 'रोज पाणी'वाल्या कुंडीला पाणी मिळतंय ना?"

"हो काका!" सगळा वर्ग ओरडला.

"आणि त्या दुसरीला?"

वर्ग चिडीचूप. काकांना ती शिस्त वाटली.

शुक्रवारी मोठ्या बाई प्रयोग बघायला येणार होत्या. पसंत पडला तर मंडळ चालू, नाहीतर त्या वेळात पाढे. गुरुवारी ठकी हळूच म्हणाली, "बाबा, सगळे म्हणतात, तुझा प्रयोग उलटा झालाय. तुला येतं ना रे?"

"म्हणजे काय!" काका म्हणाले. पण पोरीची मान खाली जाणं त्यांना सोसलं नसतं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत ते चोरासारखे वर्गात शिरले आणि दोन्ही चिठ्ठ्यांची अदलाबदल करून निघून आले.

संध्याकाळी मोठ्या बाई समोर बसल्या. काकांनी घसा साफ केला. "हे बघा बाई, या रोपाला पाणी मिळालं नाही म्हणून ते वाळलं. सरळ आहे!"

बाईंनी चष्मा लावला. "पण त्याच्यावर तर 'रोज पाणी' लिहिलंय."

लिहिलं होतं खरं. चिठ्ठ्या पुन्हा होत्या तिथेच! "अहो, मी तर दुपारीच..." काकांनी जीभ चावली.

तेवढ्यात पुढे बसलेल्या एका चिमुरडीनं भोकाड पसरलं. "मी घातलं पाणी! माझ्या बाटलीतलं! त्या एकट्यालाच मिळत नव्हतं!"

"मी पण." "मी पण, स्टुलावर चढून." बघता बघता सगळ्या वर्गाचे हात वर झाले.

"आणि या बिचाऱ्या कुंडीला?" बाईंनी विचारलं.

मुलं एकमेकांकडे बघू लागली. "तिला बाकीचे घालतात ना!"

बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसला. "मंगळवारी मीसुद्धा जाता जाता त्या 'पाणी नाही'वालीला थोडंसं घातलं," त्या पुटपुटल्या. "बघवेना हो. बरं, पुढच्या शुक्रवारी काय घेताय?"

"चुंबक," काकांच्या तोंडून निघून गेलं.

घरी जाताना ठकी रस्त्यातला एक खडा पायानं ढकलत चालली होती. मग म्हणाली, "बाबा, शाळा सुटताना मी चिठ्ठ्या बदलल्या. घाईत वाचल्या पण नाहीत. तुला कुणी हसू नये म्हणून."

"मी दुपारीच बदलल्या होत्या."

ठकी थबकली. "का?"

"तुला कुणी हसू नये म्हणून."

ठकी खुदकन हसली आणि तिनं बापाचा हात धरला. थोडं पुढे गेल्यावर तिनं विचारलं, "बाबा, चुंबकाला तहान नाही ना लागत?"

"छे गं!" काका ठासून म्हणाले. चार पावलं चालले आणि जरा आवाज उतरवून म्हणाले, "पण थांब, उद्या ऑफिसात कुणालातरी विचारून घेतो."