पेटीसाहेबाच्या चालीवर पोरगी पाहणे

संगीतातलं मला कळतं. हे मी गर्वाने सांगत नाही, जे आहे ते सांगतो. आमचं गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं, आणि त्या अख्ख्या जिल्ह्यात जॅझ नावाचं संगीत समजणारा माणूस एकच होता. तो मी, टेकचंद, राहणार कामठा, गोंदिया स्टेशनच्या मालधक्क्यावर मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडणारा कारकून. बाकीच्यांना ते संगीत ऐकून पेटीवरून मांजर चालत गेल्यासारखं वाटायचं. आता यात माझा काय दोष?

झालं असं की रेल्वेचे एक गोरे गार्डसाहेब नोकरी सोडून ऑस्ट्रेलियाला निघाले आणि त्यांनी घरातलं सामान विकायला काढलं. मी खुर्ची घ्यायला गेलो आणि ग्रामोफोन घेऊन आलो. सोबत दोन तबकड्या. तबकड्यांवरचे कागद वाळवीने खाल्लेले, त्यामुळे वाजवणाऱ्याचं नाव काही कळलं नाही. गार्डसाहेब एवढंच म्हणाले, "टेकचंद, ये आदमी का नाम सुन के कलकत्ते में बाजेवाला लोग खड़ा हो जाता है." ते ऐकून मी तिथेच उभा राहिलो. पियानो म्हणजे शेवटी पेटीच, म्हणून मी त्याचं नाव ठेवलं पेटीसाहेब.

तुम्हाला सांगतो, काय माणूस होता! आणि सोबत फक्त दोघं. एक जण माणसाएवढं उभं सारंगीसारखं वाद्य बोटांनी छेडायचा, तो सगळं बोलणं ऐकून घेणाऱ्या म्हाताऱ्यासारखा नुसता 'हूं, हूं' करत चालायचा. दुसरा ढोलावर कुंचा फिरवायचा, सुपात धान पाखडल्यावर येतो तसा आवाज. आणि मधे पेटीसाहेब. दोन सूर वाजवायचा आणि थांबायचा. असा थांबायचा की ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा. मग तिसरा सूर यायचा, आणि तो आपल्याला वाटला होता तो नसायचाच. धून सुरुवातीला एकदा ठरवायची, पुढे ज्याला जे सुचेल ते त्याने वाजवायचं. ऐकता ऐकता माझी बोटं आपोआप मांडीवर हलायला लागायची. मालधक्क्यावर, जेवताना, देवळातसुद्धा.

"तुझ्या पेटीवाल्याले बाजा पुरा शिकवला नाही का कोणी?" आई विचारायची. "मधेमधे भुलून राहिला तो."

"आई, तो भुलत नाही. तो थांबतो."

"मंग घरीच थांबाव ना त्यानं."

असो. आता मूळ गोष्ट. चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या एका गावातून मला स्थळ सांगून आलं. मुलगी शामकला, धानाची शेती असलेल्या ईश्वरदासजींची लेक. ही शामकला मी आधी एकदा आमच्या गावच्या मंडईत पाहिली होती. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा, तिथे दंडारीचं नाटक रंगात आलेलं, आणि राजाची मिशी गळून पडली. सगळा गाव हसला. राजा बिचारा बिनमिशीने पुढचं बोलत राहिला, आणि टाळ्या वाजवणारी ही एकटी पोरगी. त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर नव्हतं. त्यामुळे हे स्थळ आलं तेव्हा मी ठरवलं, काहीही होवो, ही मुलगी हातची जाऊ द्यायची नाही.

आणि काहीही होऊ नये म्हणून मी योजना आखली. मुलगी पाहायला लोक वऱ्हाडासारखे जथ्याने जातात, सगळे एकदम बोलतात, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. आपण पेटीसाहेबासारखं जायचं. तिघंच! मी पेटी. माझे केवळराम काका ढोल. आणि माझा गोंदियाचा मित्र नंदलाल, ज्याच्या वडिलांचं बाजारात कापडाचं दुकान होतं, तो उभी सारंगी. नंदलाल जन्मात "हाँ जी, बिलकुल" याच्यापुढे बोललेला नव्हता. यापेक्षा चांगला सारंगीवाला कुठे मिळणार?

आईने कपाळावर हात मारला. "तिघं जाऊन राहिले पोरगी पाहाले? तीन तिगाडा काम बिगाडा, मालूम नाही का तुले?"

"आई, जगातलं सगळ्यात सुंदर संगीत तिघांनीच होतं."

"पोरगी आणाले जाऊन राहिला का संगीत आणाले?"

मी पेटीसाहेबासारखा थांबलो. तेवढ्यात आईने अंगणातला एक दगड उचलून काकांच्या कोटाच्या खिशात टाकला आणि म्हणाली, "हा चवथा. याले घेऊन जा." आमच्याकडे तिघांनी कामाला निघायचं झालं तर खडा सोबत घेतात, पण खडा. हा चांगला पेरूएवढा होता.

तिरोड्यापर्यंत रेल्वे आणि पुढे छकडा. छकड्यात काकांनी विचारलं, "बाबू, मी तिथं काय बोलू?"

"काही ठरवायचं नाही, काका."

"ठरवल्याबिगर कसं बोलायचं?"

"धून तेवढी ठरवायची. आपली धून आहे, 'टेकचंद चांगला मुलगा आहे.' पुढे तुम्हाला सुचेल तसं वाजवा. एकाने उचललं की दुसऱ्याने त्याला धरून पुढे न्यायचं. मागे फिरायचं नाही."

"हाँ जी, बिलकुल," नंदलाल म्हणाला. मला भरून आलं.

ईश्वरदासजींच्या ओसरीवर आमचं आगत-स्वागत झालं. "किती जण आले जी?" आतून त्यांच्या बायकोने, देवकाबाईंनी विचारलं. काकांनी ठासून सांगितलं, "चार." खिशात टोचतो म्हणून त्यांनी दगड काढून सतरंजीवर आपल्या शेजारी ठेवला. देवकाबाई चिवड्याच्या चार ताटल्या घेऊन आल्या, तीन माणसं आणि एक दगड पाहिला, आणि चौथी ताटली दगडापुढे ठेवली.

"पाणी दिलं का त्याले?" ईश्वरदासजींनी विचारलं. हा माणूस थट्टा करतो की पाहुणचार, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

मग शामकला पाणी घेऊन आली. मी मान वर केली, ती खाली घातली, आणि माझी बोटं मांडीवर सुरू झाली. दोन सूर, थांबा. दोन सूर, थांबा. ती दारामागे जाऊन उभी राहिली, पण पदराचा काठ दिसत होता.

"पाहुण्याचे बोटं कायले हलून राहिले जी?" ईश्वरदासजींनी विचारलं.

इथे मी बोलायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात पेटीसाहेब! मी थांबलो. चांगला लांब थांबलो. इतका की ईश्वरदासजींच्या चेहऱ्यावर मिरगीची शंका येऊ लागली. काकांना वाटलं, आपली पाळी आली. त्यांनी कुंचा फिरवला.

"तारबाबू हाये जी आमचा टेकचंद. दिवसभर कडकट्ट, कडकट्ट. घरी आला तरी बोटं बंद होत नाही त्याचे."

मी काकांकडे पाहिलं. काकांनी मला डोळा मारला. मागे फिरायचं नाही, असं मीच सांगितलं होतं.

"हाँ जी, बिलकुल," नंदलाल म्हणाला. इथवर ठीक होतं. पण जन्मभर हूं हूं करणाऱ्या माणसाला त्या दिवशी कंठ फुटला. "बड़े साहब इनके बिना तार खोलते ही नहीं. दिल्ली का तार भी यही पकड़ते हैं."

"दिल्लीचा?" ईश्वरदासजी.

"नेहरूजीचा," काकांनी ढोल वाजवला.

मी घामाने भिजलो. ईश्वरदासजींचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी आत वळून हाक मारली, "भैय्यालाल, बाहेर ये गा. तुझ्या खात्यातला माणूस आला." आणि आम्हाला म्हणाले, "माझा साळा. वीस वर्सांपासून रेल्वेत तारबाबू हाये. आजच सुट्टीवर आला."

भैय्यालाल मामा बाहेर आले. मोठ्या मिशा, आणि कान असे की वारासुद्धा ऐकू यावा. ते माझ्यासमोर मांडी घालून बसले, पितळेची थाळी उपडी केली, अडकित्ता घेतला आणि टकटक टक, टक, टकटक असं काहीतरी वाजवलं. मग थाळी माझ्याकडे सरकवून म्हणाले, "द्या जवाब."

मी काकांकडे पाहिलं, ते दगडाची ताटली संपवत होते. नंदलाल छताकडे पाहत होता. पदराचा काठ दाराच्या थोडा अलीकडे आला होता. काय करणार? मला जे एकच वाजवता येत होतं, ते मी वाजवलं. पेटीसाहेबाची धून. दोन सूर, थांबा, तिसरा उलटाच.

मामांनी कान टवकारले. "पुन्हा."

मी पुन्हा वाजवलं. यावेळी जरा रंगून. शेवटी मला एक नवी जागासुद्धा सुचली, अगदी सुरेख, पण तिचं कौतुक करायला तिथे कोणी नव्हतं.

मामांनी हळूच थाळी सरळ केली. "जीजाजी," ते गंभीरपणे म्हणाले, "वीस वर्सांत मी गंज, ढीगभर तारबाबू पाहिले. तारेत तोतरा बोलणारा हा पहिलाच."

दारामागे कुणीतरी तोंडात पदर कोंबला.

"तोतरा नाही जी," काका म्हणाले. "ते इंग्रजीत हाये."

"तार इंग्रजीतच राहते," मामा म्हणाले. "मी याले एवढंच विचारलं, तुमचं नाव काय."

आता सगळं गेलं होतं. मुलगी गेली, अब्रू गेली. मग मी पेटीसाहेबाला हात जोडले आणि जन्मात पहिल्यांदा न थांबता बोललो. "मी तारबाबू नाही. बिल्ट्या फाडणारा कारकून आहे. नेहरूजींचा आणि माझा काही संबंध नाही. यांचं ऐकू नका, यांना मीच सांगितलं होतं की सुचेल ते बोला. मला तुमची मुलगी मनापासून हवी होती म्हणून हा उपद्व्याप केला, आणि त्यानेच सगळं बिघडलं."

"मंग बोटं कायले हलते?"

"अमेरिकेत एक पेटी वाजवणारा आहे."

"तुमच्या नात्यातला?"

"नाही."

"वळखीचा?"

"नाही. त्याचं नावही मला माहीत नाही."

"मंग त्याचं तुमाले काय?"

आता हे कसं सांगणार? तरी मी सांगू लागलो. तिघं कसे वाजवतात, एक बोलतो तेव्हा दुसरे दोघं कसे ऐकतात, तो थांबतो तेव्हा आपणही कसे थांबतो. सांगता सांगता माझे डोळे भरून आले. ईश्वरदासजींनी देवकाबाईंकडे पाहिलं. देवकाबाई आत गेल्या, ईश्वरदासजी आत गेले, मामाही थाळी घेऊन आत गेले. आतून कुजबुज आणि बांगड्यांचा आवाज येत राहिला. आम्ही तिघं ओसरीवर बसून होतो, आणि कुणालाच काही सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ईश्वरदासजी एकटेच बाहेर आले. "पोरगी हो म्हणते," ते म्हणाले. "कायले हो म्हणते, ते मले मालूम नाही. मी तिले दोनदा विचारलं."

मी उठून त्यांच्या पाया पडलो. ढोल आणि सारंगीही पडले.

"पण आमची एक अट हाये," ईश्वरदासजी म्हणाले. "लग्नातला बाजा आमचा राहील."

मनात मी लग्नाचा मंडप, मधोमध ग्रामोफोन, आणि शांतपणे ऐकणारी वऱ्हाडी मंडळी असं चित्र केव्हाच रंगवून ठेवलं होतं. "हाँ जी, बिलकुल," मी म्हणालो.

वैशाखात लग्न झालं. ईश्वरदासजींनी तिरोड्याहून बँड आणला. लाल डगले घातलेले वीस-बावीस जण, पिपाण्या, ताशे, पोटावर मोठा ढोल. सगळे एकदम वाजवत होते. कुणी कुणासाठी थांबत नव्हतं, कुणी कुणाचं ऐकत नव्हतं, आणि धून तर सुरुवातीलाच कुठेतरी हरवली होती. छकड्यात बाशिंग बांधून बसलेला मी कानात बोटं घालणार होतो. पण वेशीपाशी काय झालं कोण जाणे, मी छकड्यातून खाली उडी मारली. काका सांगतात की मला धरायला तिघं धावले आणि तिघंही माझ्यासोबत नाचू लागले. आणि मंडपाच्या दारात बँड एकदाचा थांबला तेव्हा, "एक बार और!" असं बाशिंग सावरत ओरडणारा माणूस, कुणाला सांगू नका, नवरदेवच होता.