वामनकाकांचा कापसाचा दिवा

आमचे शेजारी वामनकाका कुणाच्याही घरी बल्ब बसवला की आधी त्याला हात जोडायचे आणि घरच्यांनाही जोडायला लावायचे. "नमस्कार करा, कापसाचा नातू हाये तो!" आमच्या ढाणकी गावात भरवशाचा वायरमन म्हणजे ते एकच. उजेड हवा तर नमस्कार आलाच.

त्यांनी कुठंसं वाचलं होतं, की घरात लावायचा विजेचा दिवा शोधणाऱ्या साहेबानं आत आधी भाजून कोळसा केलेला सुती दोरा घातला होता. झालं! त्या साली कापसाला भाव नव्हता. कापूस खरेदी केंद्रासमोरची बैलगाड्यांची रांग पार सडकेवर आलेली. काकांचा उपाय तयार होता : जगानं पुन्हा दोऱ्याचे बल्ब वापरावेत. "एका बोंडात अख्ख्या ढाणकीचे दिवे होतात!" मग उरलेल्या कापसाचं काय, हे विचारायची सोय नव्हती.

मी तेव्हा नवी सून. मॅट्रिक पास, म्हणजे विज्ञान माझ्यापाशी येऊन संपलेलं.

"सूनबाई, हातभर सुती दोरा दे. उद्या गाडीवाल्यांसमोर करूनच दाखवतो."

मी खदखदून हसले आणि शिवणाच्या डब्यातला टेरिलीनचा, आचेनं वितळणारा दोरा दिला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंसोबत मी गंमत पाहायला हजर. काकांनी दोरा पत्र्याच्या डबीत बंद करून शेगडीवर भाजला. "पाहा, आता काळा धागा निघते!" डबी उघडली. आत चिकट काळा थेंब.

"काका, तुमचा बल्ब पातळ झाला जी!" एक गाडीवाला ओरडला. सगळी रांग हसली.

काकांनी डबी नाकाशी नेली, हुंगली. "चूक माही. आच जास्त झाली."

तेव्हापासून गाव त्यांना थेंबकाका म्हणू लागलं. सगळ्यात मोठा आवाज माझा. प्रयोग बंद झाले. नमस्कारही.

कबुली द्यायला मला पहिली नात व्हावी लागली. एवढी मी शूर.

"काका, तो दोरा टेरिलीनचा होता."

"वासावरूनच समजलं होतं मले."

"मग बोलले काहून नाही?"

"तुही सासू बाजूलेच उभी होती न, तुलेच बोलली असती. अन् सहा महिने झालते तुले या घरात येऊन, पोरी. तुले हासताना पहिल्यांदाच आयकलं. भिंतीच्या अलीकडं मी एकटाच राहतो, तुमच्या घरचं सारं आयकू येते; बरं वाटलं."

 

काकांनी हात पुढे केला.

"आता तरी सुती दे."