हिरालालनं पास केलेलं मेंडोलिन

“फोटो पाहून फसणारे दुसरे! मी मेंडोलिनचं पोटसुद्धा फोनवरून तपासतो!” हिरालालनं बायकोला, भावनाला ऐकवलं.

बढाई पोकळ नव्हती. जवाहरनगरच्या फॅक्टरीत हा गडी तपासनीस, आणि नजर अशी, की बाजारात वांगं उजेडाला धरून फिरवू लागला की भाजीवाल्या टोपल्या झाकत! शिवाय भीमगीत पार्टीत मेंडोलिन वाजवावं तर त्यानंच. पण ढोलकीवाला धनीराम टेम्पोत नेमका त्याच्या मेंडोलिनवर बसला, आणि धनीरामचं वजन काही ढोलकीएवढं नव्हतं. भीमजयंतीचा पवनीतला कार्यक्रम तोंडावर आला होता.

अशात मोबाईलवर एक जुनं मेंडोलिन दिसलं. जांभळासारखं काळंभोर, कडेनं शिंपल्याची नक्षी. हिरालाल पाहताक्षणीच विरघळला. विकणारी आसगावची चंद्रभागाबाई. तिचा नवरा झाडीपट्टीच्या नाटकांत जन्मभर ते वाजवत आला होता. तो गेल्यावर ते नुसतं खुंटीला टांगलेलं होतं.

“आसगाव काई विलायत नाई. जाऊन पाहून या ना!” भावना म्हणाली.

“गेलो का चहा येते, मागून पोहे येते. पोहे खाल्ल्यावर कोणत्या तोंडानं म्हणू, का याची मान वाकडी हाय?”

भावनाला हे पटलं. तिच्या माहेरी त्यानं असंच पोहे खाऊन एक लंगडी खुर्ची घरी आणली होती.

मग व्हिडिओ कॉल लागला.

“घेऊन जा जी भाऊ,” चंद्रभागाबाई म्हणाली. “पाह्यलं का जीव कासावीस होते.”

“थांबा बाई, आधी तपासू. डोयाले लावून मानेवरून पाहा. सरळ दिसते का?”

“आमच्या ह्यायच्यापेक्षा सरळ हाय!”

“आता टॉर्च लावून पोटात पाहा.”

“झुरळ हाय.”

“लाकडाले चीर हाय का?”

“झुरळ पूर्ण फिरून आलं जी, कुठंच अडखळलं नाई!”

दुसरा कुणी इथंच खूश झाला असता. पण हिरालाल गंजक्या तारांवर निकाल देणारा नव्हता. त्यानं बाईला नव्या तारा आणायला लावल्या, चढवायला लावल्या, खुंट्या पिळून स्वरात लावायला शिकवल्या. मग मानेवरच्या पितळी पट्ट्या, एकेक पडदा! फॅक्टरीत नग सुटत नाही, तर इथं पडदा कसा सुटेल? रोज संध्याकाळी बाई बोट ठेवणार, तार छेडणार, हिरालाल कान फोनला चिकटवून ऐकणार.

“बोट थोडं मागं घ्या. हां! आता भरभर वाजवा, खरखर येते का पाहू.”

बाईनं भरभर वाजवलं. आधी नुसते स्वर पळत होते. मग एका संध्याकाळी त्यांतून अख्खी चाल उभी राहिली! नवऱ्याची चाल, जन्मभर चुलीपाशी बसून ऐकलेली. भावना कणकेच्या हातानं बाहेर आली आणि तिथंच थांबली. शेजाऱ्यांनी टीव्ही बंद केला. हिरालालच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं लपवलंही नाही.

“पास!” तो ओरडला. “बाई, असं मेंडोलिन मी जन्मात पाह्यलं नाई! उद्याच घ्याले येतो!”

पलीकडे बाईनं पदरानं मेंडोलिन पुसलं.

“भाऊ, इतकं चांगलं हाय?”

“शोधून सापडत नाई असं!”

“मंग मी कायले विकू जी?”

हिरालालनं फोन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळवला.

“पण बाई, पवनीचा कार्यक्रम...”

“मले घेऊन चला ना. वाजवाले आता येतेच! तुमीच तं शिकवलं.”

जयंतीला पवनीच्या स्टेजवर चंद्रभागाबाई पांढऱ्या लुगड्यात बसली आणि वाजवू लागली. मागच्या रांगेतल्या गप्पासुद्धा थांबल्या. काय ते वादन! कुणीतरी विचारलं, ही कलाकार कुठून आणली?

“मी स्वतः तपासून आणली हाय!” हिरालाल छाती फुगवून म्हणाला. पार्टीनं त्याला वाजवायला झांज दिली होती. बाईच्या बोटांवरची त्याची नजर काही हटेना.

तेवढ्यात धनीराम ढोलकीवरून वाकून कानात पुटपुटला,

“तपासनीस साहेब, तुमची झांज तालाच्या मागं पडते!”