काटा सोडून बाकी सगळं

शांतवनअण्णांचा खेळ पुण्याच्या वेबसाइटवाल्यांनी दाबून ठेवला, असं आमची गल्ली धरून चालते. मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, पण तो खेळ माझ्या घरात होता. कपाटावर, जुन्या रजयांच्या मागे. अण्णांच्या आणि माझ्या घरात एक भिंत आहे, तीही सामाईक.

हे अण्णा म्हणजे चर्चमध्ये प्रार्थनेच्या वेळी एक डोळा उघडा ठेवणारा माणूस. "समद्यांनीच मिटल्यावर बाहेर चपला कोन बघनार?" हा त्यांचा सवाल. पाद्रीसाहेबांनी एकदा त्यांना बाजूला घेऊन समजावलं, की अण्णा, हे बरं दिसत नाही. अण्णा म्हणाले, "साहेब, माझा उघडा हुता हे तुमाला कसं कळलं?"

मूळचे कोल्हारचे. सगळी नोकरी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर गेली. उसाची ट्रॉली भरलेली तोलायची, ऊस उतरवला की रिकामी तोलायची, आणि एकातून दुसरं वजा करायचं. एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामात माणसं काय काय करतात, ते अण्णांनी पाहिलं होतं. भरल्या वजनाला ड्रायव्हर आणि त्याचे तीन पाव्हणे गाडीत बसून यायचे आणि रिकाम्या वजनाला उतरून चहाला जायचे. चौघा माणसांचा ऊस झाला! तेव्हापासून अण्णांच्या तोंडात दोन वाक्यं बसली. कुणी काही मोठं बोललं, की "आधी ड्रायव्हर खाली उतरा." आणि कुणी मदतीला बोलावलं, की "दुसऱ्याच्या गाडीला आपन हात लावत न्हाई."

निवृत्त होऊन केडगावला राहायला आले ते एकटेच. बायको आधीच गेलेली. मुलगी नाशकात असते. ती फोनवर "मी बरी आहे" म्हणाली, तर हे म्हणणार, "मग आवाज का बसलाय?" दाराच्या चौकटीला हुकाचा काटा टांगलेला. भाजी, रद्दी, दळण, सगळं आधी त्याला लटकतं. आमच्या घरी दिवाळीच्या फराळाची देवघेव होते, तेव्हा ही म्हणते, "अण्णा, तोलू नका हं, प्रेमाने दिलंय." अण्णा म्हणतात, "प्रेम वजा जाता किती भरतंय तेवढं बघतो, वहिनी."

तर अशा माणसाने एक खेळ तयार केला.

प्लायवूडच्या फळीवर रंगवलेला रस्ता, कोल्हारच्या पुलापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत. दोन खेळाडू, दोघांना एकेक लाकडी ट्रॉली. खराट्याच्या काड्या तोडून केलेला ऊस. फासा टाकायचा आणि गाडी हाकायची. वाटेत घरं होती: 'टायर बसला', 'मुकादम रुसला', 'रसवंतीवाल्याने ओळख काढली'. तिथे तिथे काड्या गळायच्या. आणि शेवटी काटा. एक पितळी तराजू, त्याच्या दोन पारड्यांत दोघांच्या ट्रॉल्या ठेवायच्या. ज्याची जड, तो जिंकला.

गल्लीत त्यांनी एकेकाला खेळायला बोलावलं. पण खेळ सुरू व्हायच्या आधी बाह्या वर करायला लावायचे, खिसे उलटे करायला लावायचे, काडी लपवता येईल अशी एकही जागा सोडायचे नाहीत. लोक फासा हातात यायच्या आधीच उठायचे. मीही उठलो होतो. माझे दोन्ही खिसे पालथे झाले होते, तरी त्यांनी शर्टाच्या पेनाचं टोपण काढायला लावलं.

"आत पोकळ असतंय ते, सर," अण्णा म्हणाले.

मग एक दिवस ते मोबाईल घेऊन माझ्याकडे आले. सिनेमा, वेबसिरीज, नाटकं, पुस्तकं, खेळ यांची परीक्षणं देणारी पुण्याची एक वेबसाइट त्यांना सापडली होती. तिच्यावर एक पान होतं: तुमची निर्मिती आमच्याकडे परीक्षणाच्या विचारार्थ पाठवा.

"सर, हे वाचा. मोठ्यानं वाचा."

मी वाचलं. पाठवलेल्या वस्तूचं परीक्षण होईलच असं नाही. परीक्षण अनुकूल असेलच असं नाही. वस्तू परत मिळणार नाही.

"म्हंजे ऊस घेनार, वजन सांगनार न्हाई, आन गाडीबी ठेवून घेनार."

"मग नका पाठवू, अण्णा."

"न्हाई, पाठवनार. इथं समदे वळखीचे. वळखीचा मानूस बोलतो तवा त्याचा ड्रायव्हर गाडीतच बसलेला असतो. गोड तरी बोलंल, न्हाई तर मुद्दाम कडू. मला परक्याचं वजन पायजे. एकदा. खरं." मग पडद्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "खेळाबद्दल लिहिनारा हा 'आतला माणूस' कोन हाय?"

"कुणीतरी टोपणनावाने लिहीत असेल."

"नाव लपवतोय म्हंजे काहीतरी हाय."

होतं. तो आतला माणूस मी. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो आणि पोरांच्या खेळण्यांवर, कार्टूनपटांवर गमतीदार लिहितो, हे स्टाफरूममध्ये कळलं तर उरलेली नोकरी काढणं अवघड होईल, असं मला वाटायचं. फक्त हिला माहीत होतं. अण्णांना त्याच वेळी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "चहा घेणार का?"

अण्णांनी पार्सल साखरेच्या पोत्याच्या कापडात शिवलं, सुतळीच्या गाठीवर लाख ओतली आणि तिच्यावर आपल्या अंगठीचा ठसा मारला. कुरियरच्या दुकानात मी बरोबर होतो. तिथल्या मुलाने वजन सांगितल्यावर अण्णांनी त्याला मशिनवरचा हात काढायला लावला. मुलगा म्हणाला, "काका, हात नव्हता ठेवला." अण्णा म्हणाले, "सावली तरी काढ."

बाहेर आल्यावर मला कोपऱ्यात ओढून हळूच म्हणाले, "समदं पाठवलंय. काटा सोडून."

"म्हणजे? मग जिंकलं कोण, ते कसं कळणार त्यांना?"

"न्हाई कळनार! चोरला तर चोरू दे. शेवट माझ्याकडं हाय." आयुष्यभर काट्यावर बसलेल्या माणसालाच हे सुचणार. परीक्षणाला खेळ पाठवला, आणि खेळाचा निकाल घरी ठेवला.

आठवडाभरात पुण्याहून मला संपादकाचा फोन. "तुमच्याच केडगावचा एक बोर्डगेम आलाय हो, पोत्यात शिवलेला, वर तसं लिहिलंय. तुमच्याकडेच पाठवतो." नको म्हणायला काय कारण सांगणार? त्यांनी ते पार्सल तसंच एका खोक्यात घालून धाडून दिलं.

खोकं आलं तेव्हा मी कॉलेजातून नुकताच येत होतो, आणि अण्णा ओट्यावर होते. माझी कंबर धरलेली. कुरियरवाला खोकं खाली ठेवून निघून गेला. अण्णा म्हणाले, "राहू द्या, सर, मी आत ठेवतो." मी म्हणालो, "अण्णा, दुसऱ्याच्या गाडीला..." पण त्यांनी उचललंसुद्धा. उचलून जरा थांबले. खोकं दोन्ही हातांवर अलगद खालीवर केलं.

"काय हाय यात?"

"मिक्सरचं भांडं."

"असं." एवढंच म्हणाले, आणि आत नेऊन ठेवलं.

त्यानंतर मी अण्णांवर संशय घेऊ लागलो. त्यांना कळलं असेल का? ते सकाळी "काय सर?" म्हणायचे, त्यात मला काहीतरी ऐकू यायचं. एकदा त्यांनी हिला विचारलं, "मिक्सर बरा चाललाय ना, वहिनी?" ही म्हणाली, "चाललाय की. त्याला काय झालंय?"

खोक्यातून पार्सल काढलं आणि कपाटावर ठेवलं. आज उघडू, उद्या उघडू. खरं सांगायचं तर खेळ वाईट निघेल याची भीती वाटत होती. वाईट लिहिलं तर भिंतीपलीकडच्या माणसाला ते वाचावं लागणार. चांगलं लिहिलं तर गाडीत ड्रायव्हर बसलेला. शेवटी ज्या वस्तू मला नको असतात त्या पाठवणाऱ्यांना वेबसाइटचं ऑफिस एक छापील उत्तर पाठवतं, तेच मी पाठवायला सांगितलं: 'आपली निर्मिती अपूर्ण स्वरूपात असल्याने तिचा परीक्षणासाठी विचार करता येत नाही.' हे आम्ही सगळ्यांना पाठवतो. न वाचलेल्या पुस्तकांनाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा मोबाईल नाचवत आले. मी मान खाली घालून पेपर तपासू लागलो.

"सर! अपूर्न म्हनतोय!"

"वाईट वाटून घेऊ नका, अण्णा."

"वाईट? अवो, अपूर्न हाय हे त्याला कळलं कसं? जो पार फाटकापोतर गाडी घेऊन गेला त्यालाच कळंल की काटा न्हाई! त्यो खेळला, सर. शेवटापोतर खेळला!"

त्यांचा चेहरा असा मी कधी पाहिला नव्हता. दोन्ही डोळे मिटून हसत होते. मी लाल पेनाने कुणाच्यातरी बरोबर उत्तरावर फुली मारली.

गल्लीला मात्र त्यांनी वेगळंच सांगितलं, की पुणेवाल्यांनी माल दाबला. मला त्याचं कोडंच पडलं. ते परवा सुटलं.

परवा संध्याकाळी अण्णा आले. बगलेत फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. ही देवळात गेली होती. त्यांनी दार ओढून घेतलं, बाहेर कुणी नाही ना ते खिडकीतून पाहिलं, आणि फडकं माझ्यापुढे ठेवलं.

"मिक्सरच्या भांड्याचा एक भाग माझ्याकडं राहिला हुता."

मी फडकं उलगडलं. आत पितळी तराजू होता.

"भरल्या खोक्यातून रिकामं खोकं वजा करायचं, सर. जल्मभर दुसरं काय केलं? हातात घेतलं आन कळलं, माल माझाच हाय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमी वळखीचे झाला असता. मला ठाव हुतं, पर मला ठाव हाय हे तुमाला ठाव नव्हतं. म्हनलं, चालंल, वजन खरं येईल. गल्लीनं तुमच्याकडं बघू नये म्हनून पुन्यावर ढकललं." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "कुनाबरूबर खेळला?"

"हिच्याबरोबर."

"मग? शेवटी काय वाटलं?"

"कोण जिंकलं तेच कळेना," मी म्हणालो.

अण्णा मांडीवर थाप मारून हसले. मग एक पारडं बोटाने खाली दाबून म्हणाले, "मला तरी कुठं ठाव हाय? म्या बी शेवट पायला न्हाई. एकच गाडी पारड्यात ठेवली की काटा नुसता कलंडतो. दुसरी गाडी लागतीच समोर." उठून दारापर्यंत गेले, आणि पाठमोरेच म्हणाले, "काटा ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. न तोलता दिलाय तुमाला."

ते गेल्यावर मी रजया बाजूला केल्या. पार्सल खाली घेतलं. लाखेवर अंगठीचा ठसा जसाच्या तसा होता. त्यांनी एकदा जरी "दाखवा" म्हटलं असतं, तर सगळं उघड झालं असतं. प्रार्थनेत डोळा न मिटणाऱ्या माणसाने ते पाहायला मागितलं नाही.

मी ठसा फोडला. फळी, फासा, काड्यांची जुडी, दोन ट्रॉल्या. एकीचा हिरवा रंग बोटांनी झिजून लाकूड दिसत होतं, चाकं गुळगुळीत झाली होती. दुसरी लाल. तिच्यावर साधा चरा नव्हता, रंगाचा वासही अजून येत होता. दुसऱ्याच्या गाडीला त्यांनी हात लावला नव्हता. कितीतरी संध्याकाळी ते कोल्हारच्या पुलापासून फाटकापर्यंत एकटेच आले असणार, आणि लाल गाडी पुलावरच उभी राहिली असणार.

हा मजकूर छापून आला की अण्णा तो वाचणार. चष्मा पुसून, ओळ अन् ओळ संशयाने. म्हणून इथेच लिहितो. अण्णा, तो 'अपूर्ण' शब्द छापील होता. तुमचा खेळ कुणीही खेळलेलं नाही. मी नाही, हिनेही नाही. तुमचं एक खरं वजन माझ्याकडे बाकी आहे, आणि लाल गाडीने एक पूर्ण डाव. खिसे उलटे करून येतो.